चालक नसलेल्या गाडीने आमच्या हाताला उत्तर द्यावे

प्रति,
माननीय सदस्य,
ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड्स कमिटी,
द्वारा ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे

विषय : स्वयंचलित वाहनांनी पादचाऱ्यांशी साधावयाच्या संवादाची मानके ठरवताना पादचाऱ्याचा हात विचारात घेण्याबाबत

महोदय आणि महोदया,

मी ठाण्यात राहणारा सेवानिवृत्त बसचालक आहे. एका सार्वजनिक बससेवेत माझी ३१ वर्षे नोकरी झाली. त्यातली पहिली १९ वर्षे स्टिअरिंगवर आणि पुढची १२ नव्या चालकांना शिकवण्यात गेली. गाडी चालवायला शिकवणे हे त्या कामाचे निम्मे अंग होते. आपली गाडी आता काय करणार आहे हे रस्त्यावरच्या माणसाला लांबूनच कळेल अशा रीतीने ती चालवायला शिकवणे, हे उरलेले निम्मे. या दुसऱ्या अंगाविषयी मी आपल्याला लिहीत आहे. देशातल्या गाड्यांचे दिवे, भोंगे, आरसे आणि ब्रेक कसे असावेत याची मानके आपल्या समितीत ठरतात, आणि चालकाविना चालणारी गाडी उद्या आपल्याकडे आलीच, तर तिने पायी चालणाऱ्याशी कसे बोलावे हेही कधीतरी आपल्याच टेबलावर येईल. ते येण्याआधी ठाण्यातल्या एका माजी चालकाचे म्हणणे आपल्या कानी पडावे, एवढीच या पत्रामागची धडपड आहे.

अशा गाड्यांना देशात परवानगीच मिळणार नाही, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन तसे स्पष्ट सांगितले आहे, आणि चालक म्हणूनच संसार चालवलेल्या माझ्यासारख्याला ती भूमिका मनापासून पटते. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २ ब आले आहे, आणि संशोधनाला चालना देण्यासाठी काही प्रकारच्या वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला मिळाला आहे. बंगळुरू आणि भोपाळमधल्या कंपन्या अशा गाड्यांवर काम करीतच आहेत. शिवाय समोर माणूस आला की स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या मोटारी २०२१ पासून मध्यम किमतीतही मिळू लागल्या आहेत. म्हणजे चालक अजून बसलेला आहे, पण त्याचा एक पाय कधीच उतरून गेला आहे, आणि रस्ता ओलांडणाऱ्याला यातले काहीच बाहेरून दिसत नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. विषय लांबचा नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी डोंगरीपाड्याजवळ, घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांची रांग जिथून जाते तिथे, मी कडेला उभा राहून रस्ता ओलांडणारी माणसे पाहत होतो. निवृत्त माणसाला एवढा वेळ असतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे डांबरात विरले होते आणि माणसे त्याच्या वीसेक पावले अलीकडून, दुभाजकातल्या फटीच्या सोयीने पलीकडे जात होती. त्यांत एक बाई होती. डाव्या हातात मुलाचे मनगट, त्याच कोपरात भाजीची पिशवी. उजवा हात कमरेच्या उंचीवर पुढे आला, तळवा जमिनीकडे, बोटे किंचित पसरलेली. मुलाला निजवताना थोपटावे तसा तो हवेत दोन-तीनदा खाली गेला. पहिली मोटार तशीच निघून गेली. दुसरीचे नाक जरासे खाली वाकले. ते दिसताच बाईने एक पाऊल टाकले, हात मात्र तसाच ठेवला, आणि मोटार पुरती थांबण्याआधीच तिची नजर पलीकडच्या लेनमधल्या टेम्पोवर गेली होती. टेम्पोसाठी तिने तळवा उभा केला. टेम्पोवाल्याने डिपर मारला, म्हणजे ‘मी थांबत नाही’. ती जागीच थबकली, टेम्पो गेला, मागच्या रिक्षाने वेग कमी केला आणि बाई मुलासह दुभाजकाला लागली. दहा-बारा सेकंदांत चार गाड्यांशी चार वेगळी बोलणी झाली, त्यांतली दोन फिसकटली आणि दोन जमली. या साऱ्यात तिने एकाही चालकाच्या तोंडाकडे पाहिले नव्हते.

हे शेवटचे मी मुद्दाम लिहिले, कारण शिकाऊ चालकांना मी स्वतः वर्षानुवर्षे सांगत आलो की पादचाऱ्याच्या डोळ्यांत पाहा, त्यालाही तुमच्या डोळ्यांत पाहू द्या. ते अर्धेच खरे होते असे आता म्हणावे लागते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे मोजून पाहिले. नेहमीच्या उजेडात १५ मीटरवरून नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना चालकाची नजर कुठे आहे हे ओळखता येत नाही आणि ३० मीटरवरून चालक मुळात दिसतच नाही, असे त्यांना आढळले. आपण चालकाच्या डोळ्यांत पाहून रस्ता ओलांडतो असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पाऊल त्याच्या कितीतरी आधी पडलेले असते. मग माणूस पाहतो काय? तो गाडीचे अंतर पाहतो, वेग पाहतो आणि नाक पाहतो. ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि पुढचा भाग दबतो, हे शिकायला कोणी शाळेत गेलेले नाही, पण ठाण्यातल्या शेंबड्या पोरालाही ते कळते. आमच्या आगारातले एक जुने चालक म्हणत, ब्रेक पॅसेंजरला कळता कामा नये आणि रस्त्यावरच्याला कळल्याशिवाय राहता कामा नये. एवढे एक वाक्य साधायला नव्या चालकाला दोन वर्षे लागत.

चालक जाणार म्हणजे त्याचा चेहरा जाणार आणि त्या रिकाम्या जागी काहीतरी बसवले पाहिजे, अशा समजुतीतून गेल्या दहा वर्षांत परदेशात नाना तऱ्हा झाल्या. मर्सिडीजने २०१५ मध्ये दाखवलेली एक प्रायोगिक गाडी लेझरच्या प्रकाशाने पादचाऱ्यापुढे रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग रेखत असे. स्वीडनमधल्या सेमकॉन या कंपनीने २०१६ मध्ये गाडीच्या तोंडावर चक्क हसू उमटवले. जॅग्वार लँड रोव्हरने २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये छोट्या स्वयंचलित गाड्यांना मोठाले डोळे लावून पाहिले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरात ड्राइव्ह डॉट एआय या कंपनीच्या व्हॅन ‘तुम्ही ओलांडण्याची वाट पाहत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी अंगावर झळकवत फिरल्या. टोकियो विद्यापीठात एका गोल्फ कार्टला हलणारे डोळे बसवून तिच्या चित्रफिती ९ पुरुष आणि ९ स्त्रियांना दाखवण्यात आल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात डोळ्यांमुळे पुरुषांचे धोक्याचे निर्णय कमी झाले आणि स्त्रियांची विनाकारण थांबून राहण्याची वृत्ती कमी झाली. अठरा माणसांवरून फार काही ठरवू नये, तरी यातल्या डोळ्यांची मला चेष्टा करवत नाही. आपल्याकडे ट्रकच्या कपाळावर डोळे आणि राक्षसाचे तोंड रंगवण्याची चाल जुनीच आहे. फक्त आपले डोळे दृष्ट लागू नये म्हणून असतात, समोरच्याला जागा देण्यासाठी नव्हे.

या सर्व तऱ्हांच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : चालक दिसलाच नाही तर लोक काय करतात? त्याचे उत्तर शोधायला स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी चालकाला गाडीच्या आसनासारखा पेहराव चढवून आत बसवले, म्हणजे बाहेरून गाडी रिकामी दिसावी. २०१७ मध्ये फोर्डने व्हर्जिनिया राज्यात हाच वेष वापरून काचेच्या वरच्या कडेला पांढऱ्या दिव्यांची पट्टी लावून पाहिली. (आमच्या बसवर कोणी आसन होऊन बसला असता तर प्रवाशांनी आधी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.) स्टॅनफर्डच्या प्रयोगात, गाडी नेहमीच्या रीतीने वागत असेल तर बहुतेक माणसांनी थोडे चमकून का होईना, नेहमीसारखाच रस्ता ओलांडला. अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठाने २०१७ मध्ये व्हॅनच्या पुढे पाटी लावून केलेल्या प्रयोगातही लोकांची मदार पाटीपेक्षा गाडीच्या अंतरावर आणि वेगावरच राहिली. पुढे लीड्स, म्युनिक आणि अथेन्स या तीन शहरांतल्या साध्या रहदारीचे निरीक्षण झाले, तेव्हाही हातवारे किंवा दिव्यांची खूण क्वचितच आढळली; बहुतेक व्यवहार चालीच्या कमी-जास्त होण्यातून उरकत होते.

येथवर मी या अभ्यासांशी सहमत आहे. पण लीड्स-म्युनिकमध्ये हात क्वचित दिसतो म्हणून ठाण्यातही तसेच असेल असे मानून मानके लिहिली गेली, तर घोटाळा होईल. तिथे गाडी थांबेल अशी सर्वसाधारण खात्री असते, म्हणून हात लागत नाही. आपल्याकडे ती खात्री हातानेच निर्माण करावी लागते. तळवा खाली ठेवून थोपटणे म्हणजे ‘हळू, मी निघालो आहे’. उभा तळवा म्हणजे ‘आता थांबच’. पाठीमागे धरलेला उलटा तळवा गाडीसाठी नसतोच, तो मागच्या मुलासाठी किंवा म्हातारीसाठी असतो. पलीकडे पोहोचल्यावर खांद्यापर्यंत उचललेला हात म्हणजे ‘बरे झाले थांबलात’. आणि कधी कधी समोरून बस येताना हात बाहेर काढलेला माणूस रस्ता ओलांडतच नसतो, त्याला बस थांबवायची असते. हे पाचही हात वेगळे आहेत आणि घाईत एकमेकांत मिसळतात. ठाण्यातल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या चौकाचे नावच तीन हात नाका आहे. नावाचा इतिहास काहीही असो, तिथे संध्याकाळी तीन हातांनी भागत नाही.

म्हणजे बोलणे आपल्याकडे पादचारी सुरू करतो आणि गाडी उत्तर देते. वर सांगितलेली बहुतेक संशोधने उलट्या टोकाने निघाली आहेत : गाडीने बोलायचे, माणसाने ऐकायचे. युरोपातल्या सिटीमोबिल-२ या प्रकल्पात फ्रान्समधल्या ला रोशेल, स्वित्झर्लंडमधल्या लोझान आणि ग्रीसमधल्या त्रिकाला या गावांत चालकाविना छोट्या बस चालवल्या गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांना ‘या गाडीने मला पाहिले आहे का’ हे कळायला हवे होते. मला हा सगळ्यात मोलाचा धागा वाटतो. डोंगरीपाड्याच्या त्या बाईचा हात नेमके हेच विचारतो, आणि दबलेले नाक त्याला ‘पाहिले’ असे उत्तर देते. चीनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पादचाऱ्याने हात दाखवल्यावर गाड्या थांबण्याचे प्रमाण वाढलेले आढळले, तेव्हा हे केवळ आपल्या बाजूचे वेड नाही. वाहतूक पोलिसाचे आणि सायकलस्वाराचे हातवारे आपली यंत्रणा ओळखते, असे अमेरिकेतल्या वेमो कंपनीने सांगितलेले आहे. यंत्राला हात वाचता येणे अशक्य नाही, हे त्यावरून उघड आहे; प्रश्न इतकाच की आपल्या भाजीच्या पिशवीतून निघालेला, कमरेइतकाच उचललेला हात ते वाचणार का. नाही वाचला, तर ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण शब्दशः खरी होईल.

आता पाटीविषयी, आणि त्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल. १९९० च्या दशकात, पावसाळ्यातल्या एका दुपारी, जांभळी नाक्याकडून येताना रस्त्याच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ छत्री मिटून उभे होते. मी बस थांबवली. ते हलेनात. मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले तेव्हा मी काचेतून त्यांना हाताने ‘जा, जा’ अशी खूण केली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पावले टाकली आणि बसच्या नाकापलीकडे जाताच उजवीकडून मला ओलांडून निघालेल्या स्कूटरने त्यांना उडवले. मांडीचे हाड मोडले. ते गृहस्थ पुढे काठी घेऊन चालू लागले आणि मला बाजारात दिसले की नमस्कारही करीत, पण तो नमस्कार घेताना मला कधी बरे वाटले नाही. कारण गाडी थांबवण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली होती. रस्ता मोकळा असल्याची हमी देणे माझ्या हातात नव्हते आणि ती मी देऊन बसलो होतो. त्यानंतर प्रत्येक तुकडीला मी पहिल्याच आठवड्यात सांगत असे : थांबायचे, नीट थांबायचे, पण ‘जा’ म्हणायचे नाही.

परदेशातल्या अभ्यासकांमध्ये याच मुद्द्यावर वाद आहे. गाडीने आपली अवस्था सांगावी की पादचाऱ्याला आज्ञा द्यावी, असा तो वाद. आज्ञा लोकांना लवकर समजते हे खरे आहे, काही प्रयोगांत तसे दिसले आहे. पण लवकर समजणे हाच धोका आहे. म्युनिक आणि डेल्फ्ट इथल्या संशोधकांच्या प्रयोगांत, संगणकाने उभ्या केलेल्या रस्त्यावर, लोकांना पाटीची सवय लागल्यावर गाडी थांबत नसतानाही पाटीवर विसंबून पाऊल टाकणारे निघाले. शिवाय पाटी कोणाला उद्देशून आहे हे ती स्वतः सांगू शकत नाही. गोखले रोडवर गाडीपुढे एका वेळी सहा माणसे, एक हातगाडी आणि दोन दुचाक्या असतात. ‘तुम्ही जा’ यातले ‘तुम्ही’ कोण? आणि त्या गाडीला कडेने ओलांडणाऱ्या स्कूटरवाल्याने ती पाटी वाचलेलीच नसते.

दिव्याच्या खुणेचेही असेच आहे. काही वर्षांपूर्वी मी इंग्लंडमध्ये लेस्टरला नातेवाइकांकडे गेलो होतो. एका सकाळी रस्ता ओलांडायला उभा असताना समोरच्या मोटारीने दिवा चमकवला. मी दोन पावले मागे सरलो. तिने पुन्हा चमकवला, मी आणखी मागे. शेवटी बाई काच खाली करून हसत म्हणाल्या की तुमच्यासाठीच थांबले आहे. तिथे तो दिवा लोक ‘या’ म्हणून वापरतात, आपल्याकडे ‘आलो, बाजूला व्हा’ म्हणून. एकाच दिव्याचे दोन देशांत असे उलट अर्थ होतात, तर बाहेरच्या देशात ठरलेली दिव्यांची भाषा जशीच्या तशी आपल्या गाड्यांवर चढवणे किती अवघड आहे, याची कल्पना यावी. फोर्डच्या पट्टीत थांबताना पांढरे दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलत आणि निघताना भरभर लुकलुकत. आपल्याकडच्या माणसाला लुकलुकणारा दिवा रुग्णवाहिकेचा वाटेल, नाहीतर लग्नाच्या वरातीचा.

रंगाबद्दल एकच मुद्दा मांडतो. गाडी स्वतः चालत आहे हे कळवण्यासाठी निळसर हिरवा, म्हणजे आपला मोरपंखी रंग सुचवला गेला आहे. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मर्सिडीजला तशा दिव्यांची परवानगीही दिली. सिग्नलमध्ये किंवा गाड्यांच्या दिव्यांत हा रंग आधी वापरात नाही, असे त्यामागचे कारण आहे. लाल-हिरवा टाळला हे योग्यच झाले, कारण गाडीवरचा हिरवा दिवा गाडीसाठी की माझ्यासाठी, असा गोंधळ होतो. पण आपल्या समितीने एखाद्या रात्री ठाणे स्थानकाबाहेरच्या रिक्षांची रांग पाहावी. मोरपंखी, जांभळा, गुलाबी, सगळ्या रंगांच्या एलईडी माळा तिथे आधीच झगमगत असतात. जो रंग कॅलिफोर्नियात रिकामा आहे, तो आपल्याकडे कधीच भाड्याने गेला आहे.

अक्षरांची पाटी तर मी धरतच नाही. मराठीत लिहिली तर बांधकामावर परराज्यांतून आलेल्या मजुराला वाचता येणार नाही, हिंदीत लिहिली तर माझ्या चाळीतल्या निरक्षर आजींना काय उपयोग, आणि तीन भाषांत फिरवायची म्हटली तर तिसरी येईपर्यंत गाडी अंगावर आलेली असेल. मोतीबिंदू झालेल्यांना आणि अंधांना कोणतीच पाटी नाही. अंध माणसे आमच्या डिझेल बसला आवाजाने ओळखत. एअर ब्रेकचा तो ‘फुस्स’ झाला की गाडी उभी राहिली हे त्यांना कळे. विजेवरच्या बस ठाण्यात आणि नवी मुंबईत धावू लागल्यापासून ती खूण पुसट झाली आहे. चालक असलेल्या बसचा हा अनुभव आहे, तर चालकच नसलेल्या विजेच्या गाडीने आवाजाची बाजू कशी सांभाळायची, हे दिव्यांच्या आधी ठरायला हवे.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक खरा आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. हात दिसला की गाडी थांबणार हे एकदा लोकांना कळले, तर ती गाडी ठाण्यात कुठेच पोहोचणार नाही. यंत्र आपल्याला धडकणार नाही याची खात्री झालेले पादचारी बिनधास्त पुढे जातील, असा इशारा परदेशातल्या अभ्यासकांनीही दिला आहे, आणि जांभळी नाक्यावर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तशी एक गाडी सोडली तर ती तुळशीच्या लग्नापर्यंत तिथेच उभी सापडेल. अनुभवी चालक अशा वेळी हाफ क्लचवर गाडी हातभर सरकवतो, थांबतो, पुन्हा हातभर सरकवतो. त्यात दमदाटी नसते. ‘आता माझी पाळी’ एवढेच त्यात असते आणि लोक ते मानतात. तेव्हा सरकणे हीदेखील भाषा आहे, आणि यंत्राला ती किती, कोणासमोर, कोणत्या वेगाने बोलू द्यायची हे मानकांत यावे लागेल. लहान मूल किंवा काठी घेतलेला माणूस समोर असताना ती बोलायचीच नाही, हेही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात १८ मार्च २०१८ च्या रात्री उबरच्या चाचणी-गाडीखाली सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मृत्युमुखी पडली. चौकशीत असे निघाले की यंत्रणेने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते, पण यंत्रणा कधी वाहन, कधी सायकल, कधी आणखी काही असा अर्थ लावत राहिली, कारण क्रॉसिंग सोडून भलत्याच जागी पादचारी असू शकतो हे तिच्या रचनेत धरलेलेच नव्हते. डोंगरीपाड्याचे विरलेले पट्टे आणि दुभाजकातली फट आठवा. आपल्याकडे पादचारी क्रॉसिंगवर असेल असे धरणारी गाडी म्हणजे पादचारी नाहीच असे धरणारी गाडी. पादचाऱ्यांसाठी राज्यांनी नियम करावेत असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सांगितले आहे; ते नियम आणि आपली मानके एकमेकांकडे पाठ करून लिहिली जाऊ नयेत, एवढी विनंती.

तेव्हा माझी मागणी मोजक्या शब्दांत अशी आहे. स्वयंचलित गाडीला कोणतीही पाटी, डोळे किंवा दिव्यांची पट्टी लावण्याची मुभा देण्याआधी, ती भारतीय पादचाऱ्याचा हात ओळखते की नाही याची परीक्षा अनिवार्य करावी. आणि ही परीक्षा प्रशिक्षित स्वयंसेवकांवर आखीव मैदानात न घेता पिशवी, छत्री, मूल आणि काठी घेतलेल्या माणसांवर, संध्याकाळच्या उजेडात, पावसात घ्यावी. ओळखल्याचे उत्तर गाडीने आधी ब्रेकने द्यावे आणि तो ब्रेक इतका लवकर व इतका ठळक असावा की समोरच्याला नाक दबलेले दिसेल. नुसत्या सौम्य, प्रवाशाच्या सुखासाठी बेतलेल्या ब्रेकने ते होणार नाही, आणि विजेच्या गाड्या नुसत्या मोटरच्या रोधाने हळूहळू वेग कमी करतात तेव्हा तर नाक फारसे दबतच नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. दिवा लावायचाच असेल तर त्याने ‘मी थांबत आहे’ आणि ‘मी निघत आहे’ याहून अधिक काही सांगू नये, आणि वेग खरोखर कमी होत नसेल तर तो पेटूच नये. ‘जा’ हा शब्द, कोणत्याही भाषेत, खुणेत किंवा आवाजात, सरसकट वर्ज्य करावा.

यातले तांत्रिक तपशील आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहेत. पण पुण्यात आपली संस्था ज्या वेताळ टेकडीवर आहे तिथून घोडबंदर रस्ता दिसत नाही, म्हणून आपल्यापैकी कोणी एक संध्याकाळ ठाण्याला यावे असे मला वाटते. डोंगरीपाड्याला साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान, पश्चिमेच्या कडेला उभे राहावे. उन्हाळ्यात तेव्हा उतरते ऊन गाड्यांच्या काचांवर असते आणि आत कोण बसले आहे, कोणी बसले आहे की नाही, काहीच दिसत नाही. चेहरे शोधू नयेत, हात मोजावेत. मी वही घेऊन तिथेच असेन. पावसाळ्यात आलात तर अधिक बरे, कारण तेव्हा एक हात छत्रीत अडकलेला असतो आणि माणसे कोपराने गाडी थांबवतात.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त बसचालक व प्रशिक्षक,
ठाणे (पश्चिम)